पेशीची वेस

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह, किल्ले आणि राजवंश उभे राहतात. महाविद्यालयात मीही तेच शिकवतो. परंतु आज ज्या तटबंदीचा इतिहास सांगायचा आहे, ती कोणत्याही किल्ल्याची नव्हे. ती इतकी पातळ आहे की, तशा लाखभर भिंती एकीवर एक रचल्या तरी त्यांची जाडी एक मिलिमीटर भरणार नाही. ही भिंत आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीभोवती आहे. शास्त्रज्ञ तिला पेशीपटल म्हणतात. गंमत अशी की, ती भिंत प्रत्यक्ष दिसण्याच्या शेकडो वर्षे आधीपासून माणसे तिच्या वागणुकीची नोंद करीत होती. वेशीतून कोण आत जाते आणि कोण बाहेरच अडते, एवढ्यावरून त्यांनी न पाहिलेल्या गावाचा नकाशा काढला. हा नकाशा कसा काढला गेला आणि त्याचा माणसाला काय उपयोग झाला, एवढेच आज पाहायचे आहे.

सुरुवात आपल्या स्वयंपाकघरापासूनच करू. काकडी चोचवून तिला मीठ लावून ठेवा. घटकाभरात पाणी सुटते. कैरीच्या फोडींना मीठ चोळले की खार सुटतो. उलट, सुरकुतलेले बेदाणे रात्री पाण्यात टाकले, तर सकाळी टपोरे होतात. काकडी कुणी पिळली नाही आणि बेदाण्यात कुणी पिचकारीने पाणी भरले नाही. मग पाणी एकदा बाहेर का आले आणि एकदा आत का गेले? गृहिणीला ह्याचे उत्तर माहीत नसले तरी नियम पक्का माहीत असतो: ज्या बाजूला मीठ किंवा साखर जास्त, त्या बाजूला पाणी धावते. ह्या क्रियेला आपल्या शालेय पुस्तकांत परासरण म्हणतात. तर्षण असाही एक शब्द आहे, आणि तो मला अधिक आवडतो. तर्ष म्हणजे तहान. खारट बाजूला जणू तहान लागलेली असते.

ही तहान लिहून ठेवण्याचा मान एका फ्रेंच पाद्र्याकडे जातो. आबे नोले हे त्यांचे नाव. विजेचे प्रयोग राजदरबारात करून दाखवण्याबद्दल त्यांची ख्याती होती. १७४८ साली ते द्रवांच्या उकळण्याचा अभ्यास करीत होते आणि त्यासाठी त्यांना हवा न लागलेला मद्यार्क हवा होता. त्यांनी एक कुपी मद्यार्काने काठोकाठ भरली, तिच्या तोंडावर डुकराचे मूत्राशय ताणून बांधले आणि हवा लागू नये म्हणून ती कुपी पाण्यात बुडवून ठेवली. काही तासांनी पाहतात तो मूत्राशयाचे झाकण तट्ट फुगलेले! त्यांनी टाचणी टोचली, तर आतून द्रवाचे कारंजे उडाले. मग त्यांनी उलट प्रयोग केला: कुपीत पाणी आणि बाहेर मद्यार्क. ह्या वेळी झाकण आत खचले. म्हणजे त्या पातड्यातून पाणी सहज जात होते, मद्यार्क मात्र तितक्या सहज जात नव्हता. नोले ह्यांनी हे प्रामाणिकपणे नोंदवले आणि ते आपल्या मूळ कामाला लागले. पुढे जवळजवळ ऐंशी वर्षे ह्या नोंदीचा कुणी फारसा पाठपुरावा केला नाही.

तो केला आंरी द्यूत्रोशे ह्यांनी. हेही फ्रेंच, धंद्याने वैद्य. स्पेनमधल्या लष्करी चाकरीत तापाने खंगून ते घरी परतले आणि उरलेले आयुष्य त्यांनी वनस्पती आणि प्राणी न्याहाळण्यात घालवले. १८२६ पासून त्यांनी ह्या विषयावर लेखन केले. कोंबडीच्या आतड्याची पिशवी घ्यायची, तिच्यात दाट द्रव भरायचा आणि ती पाण्यात सोडायची. पिशवी फुगत जाते. तिला काचेची नळी जोडली, तर नळीत पाणी वर चढते आणि किती जोर आहे हे मोजता येते. ह्या जोराचे कारण वीज असावे असे त्यांना आधी वाटले. विजेचे नवल तेव्हा ताजे होते, तेव्हा ह्यात आश्चर्य नाही. कारण चुकले, पण एक मोठी गोष्ट त्यांनी ओळखली. आतड्याच्या पिशवीत जे घडते तेच झाडाच्या मुळाशी आणि प्राण्याच्या अंगात घडते, आणि त्यासाठी कोणत्याही गूढ प्राणशक्तीची कल्पना करण्याची गरज नाही. सजीवांचे काही व्यवहार निर्जीव पदार्थांच्या नियमांनीच चालतात, हे म्हणणे त्या काळात लहान नव्हते.

ह्याच सुमारास समुद्रापलीकडे, ब्रिटनमध्ये, वेगळेच नाट्य चालू होते. १८१७ नंतर बंगालमधून बाहेर पडलेली पटकीची साथ १८३१ साली तिथे पोहोचली. तुम्हांला ठाऊकच आहे, पटकीत माणूस वाळत जातो. डोळे खोल जातात, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते, नाडी लागेनाशी होते. विल्यम ओशॉनेसी ह्या तरुण डॉक्टराने रोग्यांचे रक्त तपासले आणि सांगितले की, ह्या रक्तातले पाणी आणि क्षार निघून गेले आहेत. हेच ओशॉनेसी पुढे बंगालमध्ये आले आणि आपल्या देशातील पहिल्या तारायंत्राच्या तारा त्यांनीच टाकल्या. त्यांचे म्हणणे वाचून १८३२ साली स्कॉटलंडातील लीथ येथे टॉमस लाटा ह्या डॉक्टराने थेट शिरेतून खारे पाणी देऊन पाहिले. पहिली रोगी एक वृद्ध बाई होती, अगदी शेवटच्या घटका मोजत असलेली. पाणी आत जाऊ लागले तसा चेहरा बदलला, नाडी लागली, बाई बोलू लागली. काम फत्ते झाले असे समजून डॉक्टर तिथून निघाले. त्यांच्या मागे जुलाब पुन्हा सुरू झाले, आणि काही तासांत बाई गेली.

लाटा ह्यांची दिशा बरोबर होती. पण त्यांचे पाणी रक्ताच्या मानाने फारच फिके होते. फिके पाणी रक्तात गेले की ते तांबड्या पेशींत शिरते, पेशी फुगतात आणि शेवटी फुटतात. बेदाण्याचाच हा प्रकार, फक्त बेदाणा फुटत नाही आणि पेशी फुटते. शिवाय पाणी निर्जंतुक केले पाहिजे हेही तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते. काही रोगी वाचले, पुष्कळ दगावले आणि हा उपाय मागे पडला. एका देशात कोंबडीच्या आतड्यातून पाणी कसे जाते हे मोजणारा माणूस, दुसऱ्या देशात मरणाऱ्याच्या शिरेत पाणी भरणारा माणूस. मध्ये अवघ्या सहा वर्षांचे अंतर. ह्या दोन वाटा एकत्र यायला मात्र शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

पाणी का धावते, ह्याचे उत्तर हळूहळू जमत गेले. १८५५ साली आडोल्फ फिक नावाच्या सव्वीस वर्षांच्या शरीरशास्त्रज्ञाने एक सोपा नियम मांडला. मिठाचा खडा नळीच्या तळाशी ठेवला, तर न ढवळताही मीठ वर पसरत जाते. दोन ठिकाणच्या खारटपणात जितका फरक जास्त आणि अंतर जितके कमी, तितका पसरण्याचा वेग अधिक. ह्याला विसरण म्हणतात. ह्यात कोण कुणाला ढकलतो? कुणीच नाही. पदार्थाचे सूक्ष्म कण सदैव वाटेल त्या दिशेला धावत असतात. जत्रेत डोळे बांधून माणसे सोडली तर काय होईल बघा. गर्दीतून मोकळ्या जागेत येणारे पुष्कळ, मोकळ्या जागेतून गर्दीत शिरणारे थोडे. कारण तिथे मुळात माणसेच थोडी. कुणाचा हुकूम नसताना गर्दी पांगते. पाण्याचेही तेच. जिथे साखर विरघळली आहे तिथे पाण्याची गर्दी कमी. साखरेला भिंत ओलांडता येत नाही, पाण्याला येते. म्हणून पाणी साखरेकडे पांगते. ही क्रिया चालवायला पेशीला आपली गाठची शक्ती खर्चावी लागत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता हवी होती एक चोख भिंत. डुकराच्या मूत्राशयातून पाण्याबरोबर थोडेफार इतर पदार्थही निसटतात, त्यामुळे मापे नेमकी येत नाहीत. ही अडचण सोडवली मोरिट्झ ट्राउबे ह्या जर्मन गृहस्थांनी. ते दारूचे व्यापारी होते आणि धंदा सांभाळून रसायनशास्त्राचा अभ्यास करीत. १८६७ साली त्यांनी दोन क्षारांचे द्राव एकमेकांना भिडवून त्यांच्या सीमेवर एक नाजूक कृत्रिम पटल तयार केल्याचे प्रसिद्ध केले. पाणी त्यातून जाई, साखर जात नसे. पण ते इतके नाजूक होते की, जरा दाब आला की फाटे. तेव्हा विल्हेल्म फेफर ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने युक्ती केली: सच्छिद्र मातीच्या भांड्याच्या भिंतीतच ते पटल बसवले. आपल्या माठासारखीच ती कल्पना. मातीचा आधार आणि पटलाची निवड, दोन्ही साधले. १८७७ साली त्यांनी आपली मापे प्रसिद्ध केली. १ टक्का साखरेच्या पाण्याने पारा ५३.५ सेंटिमीटर चढला. ६ टक्के साखरेच्या पाण्याने ३०७.५ सेंटिमीटर. पाऱ्याऐवजी पाण्याचा स्तंभ धरला, तर ही उंची चाळीस मीटरांच्या वर भरते. पेलाभर गोड पाण्यात बारा मजल्यांवर पाणी चढवण्याचा जोर दडलेला असतो, हे ऐकून कोण विश्वास ठेवील? पण आकडे समोर होते.

ह्या आकड्यांचा अर्थ लागला तो ॲमस्टरडॅमच्या रस्त्यावर. वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्ह्रीस पेशींना निरनिराळ्या तीव्रतेच्या द्रावांत बुडवून पाहत होते. फार खारट द्रावात पेशीतला ऐवज आकसून बाहेरच्या जाड कवचापासून सुटा होतो. म्हणजे खरी वेस त्या कवचापाशी नाही, त्याच्या आत आहे, हे उघड होते. द व्ह्रीस ह्यांनी आपले सहकारी व्हांट हॉफ ह्यांना रस्त्यात भेटल्यावर फेफरची मापे सांगितली. व्हांट हॉफ रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी हिशेब मांडला आणि त्यांना दिसले की, विरळ द्रावातली साखर जो दाब दाखवते, तो तेवढ्याच जागेत तितकेच कण वायुरूपाने कोंडले असते तर पडला असता तेवढाच आहे! स्वयंपाकघरातला खार आणि फुग्यातली हवा एकाच सूत्रात बसली. १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिलेवहिले नोबेल पारितोषिक व्हांट हॉफ ह्यांना मिळाले, ते ह्या आणि ह्याच जातीच्या कामासाठी.

दाब कळला, नियम कळला. पण भिंत कशाची आहे? ह्या प्रश्नाला हात घातला अर्नेस्ट ओव्हर्टन ह्यांनी. जन्माने इंग्रज, शिकले स्वित्झर्लंडमध्ये. त्यांची पद्धत जकात नाक्यावरच्या कारकुनासारखी होती. एकेक पदार्थ घ्यायचा, पेशीसमोर ठेवायचा, आत जातो की नाही आणि किती लवकर जातो ते लिहायचे. असे सुमारे ५०० पदार्थ त्यांनी तपासले. १८९५ आणि १८९९ मधल्या व्याख्यानांतून त्यांनी निष्कर्ष मांडला: जे पदार्थ तेलात सहज विरघळतात ते पेशीत झटकन शिरतात, जे फक्त पाण्यात विरघळतात ते बाहेर ताटकळतात. तेव्हा भिंतीत तेलासारखे, स्निग्ध द्रव्य असले पाहिजे. भिंत कुणीही पाहिलेली नव्हती. केवळ पाहुण्यांची यादी वाचून ओव्हर्टन ह्यांनी घर कशाचे बांधले आहे ते सांगितले.

१९२५ साली हॉलंडमधील लायडन येथे गोर्टर आणि ग्रेंडेल ह्या दोघांनी आणखी एक पाऊल टाकले. गोर्टर बालरोगतज्ज्ञ होते. त्यांनी रक्तातल्या तांबड्या पेशींमधून स्निग्ध द्रव्य काढले, ते पाण्यावर एकपदरी पसरवले आणि त्याचे क्षेत्रफळ मोजले. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरले. म्हणजे भिंत दुपदरी आहे. हा निष्कर्ष आजही खरा मानला जातो. मात्र पुढे कळले की, त्यांनी काढलेले स्निग्ध द्रव्य पुरते निघाले नव्हते आणि पेशींचे क्षेत्रफळही त्यांनी कमी धरले होते. दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या आणि उत्तर बरोबर आले! १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अखेर ती भिंत दिसली: दोन काळ्या रेघा आणि मध्ये एक फिकी. नोले ह्यांच्या कुपीपासून तोवर दोनशे वर्षे उलटून गेली होती.

तरीही एक कोडे उरलेच. भिंत जर स्निग्ध, तर पाणी त्यातून जाते कसे? तेल आणि पाणी ह्यांचे सख्य किती, हे आपण जाणतो. थोडे पाणी ह्या दुपदरी भिंतीतून पाझरते हे खरे, पण तांबड्या पेशी किंवा मूत्रपिंडाच्या पेशी पाणी ज्या वेगाने घेतात तो ह्या पाझराने साधणारा नव्हता. काही शास्त्रज्ञ म्हणत, पाण्यासाठी वेगळ्या वाटा असल्या पाहिजेत. अमेरिकेत बाल्टिमोर येथे पीटर ॲग्रे रक्तगटाशी संबंधित एका प्रथिनाच्या मागे असताना त्यांना दुसरेच एक प्रथिन मुबलक आढळले. ते कशासाठी आहे ते कळेना. १९९२ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या अंड्यांकडून ते प्रथिन तयार करवून घेतले आणि ती अंडी फिक्या पाण्यात टाकली. साधी अंडी जशीच्या तशी राहिली. ते प्रथिन असलेली अंडी भराभर फुगून फुटली. पाण्याची दिंडी सापडली होती. अशा एका दिंडीतून सेकंदाला सुमारे ३ अब्ज पाण्याचे रेणू एकामागे एक जातात, आणि तरीही त्यांना ढकलणारे कुणी नसते. दिंडी वाट देते; दिशा ठरते ती दोन्ही बाजूंच्या फरकाने. २००३ साली ह्या शोधासाठी ॲग्रे ह्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आता त्या दोन वाटा कुठे मिळाल्या ते पाहू. पटकीच्या रोग्याला नुसते पाणी पाजले तर आतडे ते धरून ठेवीत नाही. १९६० साली रॉबर्ट क्रेन ह्यांनी प्राग येथे मांडले की, आतड्याच्या पेशींत ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शिरतात. ही जोडवाट मात्र अगदी फुकट नाही. तिच्यामागे पेशी शक्ती खर्चून सोडियम बाहेर फेकत असते. पण ही जोडी आत गेली की पुढचे काम जुन्या तहानेचे: जिथे विरघळलेले पदार्थ वाढले तिथे पाणी आपोआप जाते. पटकीतही ही जोडवाट शाबूत राहते. म्हणजे मीठ आणि साखर योग्य प्रमाणात तोंडाने दिली, तर पाणी आत ओढून घेता येते. १९६८ साली ढाक्यात हे रोग्यांवर सिद्ध झाले.

आणि मग १९७१ साल आले. बांगलादेशाच्या मुक्तियुद्धात निर्वासितांचे लोंढे बंगालमध्ये आले. सीमेवरील बनगाव येथे पटकी उसळली. शिरेतून द्यायची सलाईन संपत आली होती, रोगी जमिनीवर पडलेले होते. डॉ. दिलीप महलानबीस ह्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज ह्यांच्या पुड्या बांधवून घेतल्या, त्या पाण्यात मिसळवल्या आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती पेले दिले. शीर शोधायला नको, सुई नको, डॉक्टरही प्रत्येकापाशी नको. तिथे मृत्यूचे प्रमाण आधी शेकडा ३० च्या आसपास होते. ह्या उपचाराखाली ते शेकडा ३.६ वर आले. लाटा ह्यांच्या त्या वृद्ध बाईनंतर १३९ वर्षांनी, आई आणि बहीण पेला धरून बसल्या आणि माणसे उठून बसली.

ह्या इतिहासातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. भिंतीला दया नाही आणि वैरही नाही. ती फक्त फरक जाणते. म्हणूनच जुलाब होणाऱ्या मुलाला पाजण्याच्या पाण्यात मायेपोटी मीठ किंवा साखर जास्त घातली, तर तेच पाणी मुलाच्या अंगातले पाणी आतड्यात ओढून आणील. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली आपल्या पुडीतले मीठ आणि ग्लुकोज दोन्ही कमी केले, ते द्रावाची तहान कमी व्हावी म्हणूनच. ती पुडी मिळाली तर तिच्यावर लिहिलेल्या मापाने पाणी घ्यावे, अंदाजाने नव्हे. नाहीच मिळाली, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, एवढेच. आणि मूल मलूल होऊ लागले तर घरी वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

एक पाद्री, एक आजारी वैद्य, एक दारूचा व्यापारी, एक बालरोगतज्ज्ञ. ह्यांतल्या कुणालाही बनगावच्या त्या पेल्याची कल्पना नव्हती. त्यांनी आपापल्या काळात एवढेच विचारले की, पाणी तिकडेच का गेले? प्रश्न साधा होता. तो त्यांनी सोडला नाही, म्हणून आज तो अर्धा चमचा आपल्याला ठाऊक आहे.